वनिताबाईंच्या अर्जातला शब्द

माझ्या बायकोला माझं सगळं दुखणंखुपणं पाठ आहे — साखर किती, गुडघा कोणता, रुसलो की किती दिवस बोलत नाही. हे मात्र तिला ठाऊक नाही. मुलीला नाही. ज्या मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून मी सोळा वर्षं शाळेत गेलो, त्यालाही नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, उद्या रस्त्यात भेटलात तरी मी तुम्हाला ओळखणार नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलावं म्हणतो. जमेल का? एवढ्या वर्षांत जमलं नाही, ते आजच का जमावं? बघू.

मी इंग्रजीचा मास्तर. पवनी तालुक्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही अशा एका गावात, खासगी संस्थेच्या शाळेत. भोवती सगळी धानाची शेती, मुलं शेतकऱ्यांची, आणि मीही तसल्याच घरातला. आमच्याकडे इंग्रजीच्या मास्तरला जरा जास्तच भाव असतो. कुणाच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, कुणाला औषधाच्या खोक्यावरचं वाचून हवं असतं — लोक माझ्याकडे येतात. मी चष्मा पुसतो, दोनदा वाचतो आणि सांगतो. मी सांगेन तो अर्थ. पडताळून पाहणारं कोणी नसतं.

आधी तो शब्द सांगून टाकतो. मास्तर माणूस, फळ्यावर काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

शब्द आहे डेरोगेटरी. विशेषण. डिक्शनरीत त्याच्यासमोर अपमानकारक, मानहानीकारक असे जाडजूड प्रतिशब्द असतात, पण मला ते कोर्टाच्या कागदातले वाटतात. मी वर्गात सांगायचो — हिणवणारं. समोरचा आहे त्यापेक्षा त्याला लहान करणारं. शेरा डेरोगेटरी असू शकतो, टोपणनाव असू शकतं, नुसतं हसणंसुद्धा. दरवर्षी अकरावीत मी हा शब्द फळ्यावर लिहायचो, खाली रेघ ओढायचो आणि विचारायचो, यासाठी शिवी द्यावी लागते का? मुलं म्हणायची, हो सर. मी म्हणायचो, नाही. मग मागच्या बाकावरच्या एखाद्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणायचो, "या विद्वान, बसा." वर्ग खो खो हसायचा. त्याचं तोंड उतरायचं. बघा, मी म्हणायचो, विद्वान ही काय शिवी आहे? शब्द साधा, वापर डेरोगेटरी. आलं लक्षात? सगळ्यांच्या लक्षात यायचं. चांगला शिकवायचो मी तो शब्द. ज्याचं तोंड उतरायचं त्याचं पुढे काय व्हायचं, ते मी कधी बघितलं नाही. तास संपायचा.

तेव्हा एवढं मान्य करा की मला अर्थ माहीत होता. चुकून काही झालेलं नाही.

वनिताबाई आमच्या शाळेत ग्रंथालय परिचर म्हणून आल्या, त्याला आता नऊ वर्षं होतील. तेव्हा त्या पस्तिशीच्या असतील. जवळच्याच गावातून सायकलने यायच्या. घरी नवरा, एक मुलगी, थोडी शेती. ग्रंथालय म्हणजे काय — जिन्याशेजारची खोली आणि तीन लोखंडी कपाटं, त्यातलं एक कित्येक वर्षं उघडत नव्हतं. त्यांनी ते उघडलं. उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं वेगळी काढली, घरून खळ शिजवून आणली, खाकी कागदाची कव्हरं घातली आणि प्रत्येकावर वळणदार अक्षरात नाव लिहिलं. बी.ए. अर्धवट राहिलेल्या बाईला पुस्तकांचं एवढं काय कौतुक, असं मला वाटायचं. माझ्याकडे एम.ए.ची डिग्री होती आणि घरी एकही नवं पुस्तक नव्हतं.

त्या अडखळत बोलायच्या. लहानपणापासूनच. एखाद्या अक्षराशी येऊन थांबायच्या, मान किंचित उजवीकडे वळायची, डोळे मिटायचे, आणि मग शब्द बाहेर पडायचा. वेळ लागायचा फार तर तीन-चार सेकंद. तीन-चार सेकंद म्हणजे किती? चहाचा एक घोट. पण समोर उभं राहून कुणाची तरी वाट बघायची असली की तेवढेही लोकांना जड जातात.

एक मात्र होतं. मुलांबरोबर एका सुरात वाचताना त्या अडखळत नसत. हे त्यांना स्वतःलाच आमच्या शाळेत येऊन कळलं. शनिवारी शेवटच्या तासाला पाचवीची मुलं त्या खोलीत गोल बसवायच्या, एकच गोष्ट सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायची, आणि त्या पंचवीस-तीस आवाजांत त्यांचा आवाज सरळ, न थांबता चालायचा. मी बाहेरून जाताना ऐकलेलं आहे. मुलांच्या मागे उभ्या राहून एक बोट ओळीवर, आणि चेहरा असा की बाई देवळात उभी आहे असं वाटावं. त्या तासासाठी त्या नोकरीत होत्या. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण मला कळत होतं. न कळायला काय झालं?

मग त्यांना नाव पडलं — रेडिओ.

मराठीत एक सोय आहे बघा. नावं पडतात. झाडाची पानं पडतात तशी आपली आपण. कुणी पाडलं, हे सांगावं लागत नाही. ते कसं पडलं ते सांगणार आहे मी. पळत नाही. पण आधी त्या नावाचं काय झालं ते ऐका.

आमचे मुख्याध्यापक — त्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणायचो — गमत्या स्वभावाचे. आता ते रिटायर होऊन गावी असतात. वाईट माणूस नव्हे. कुणाच्या घरी लग्न असलं की पाट मांडण्यापासून राबणारे. पण गंमत हाती लागली की ती सोडवत नसे. वनिताबाई रजिस्टर घेऊन ऑफिसात आल्या आणि "र"वर थांबल्या की मोठे सरही "र-र-र" करून साथ द्यायचे. नंतर त्यांनी एक खूण काढली. हवेत दोन बोटांनी अदृश्य बटण फिरवल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, "थांबा, थांबा, स्टेशन लागून राहिलं." ऑफिसातले हसायचे. पुढे शब्दही लागेनात, नुसती बोटं फिरवली तरी पुरे. ती खूण ऑफिसातून व्हरांड्यात गेली, व्हरांड्यातून वर्गात. वनिताबाई मैदानातून चालल्या की मागून बोटं फिरायची. आणि एका शनिवारी पाचवीच्या एका चिमुरडीने, गोष्ट वाचता वाचता, त्यांच्याकडे बघून बोटं फिरवली. तिला वाईट काही करायचं नव्हतं. तिला वाटलं असेल, या बाईंना असंच बोलावतात.

त्या शनिवारनंतर वाचनाचा तास बंद झाला. मुलं काही दिवस खोलीच्या दाराशी येऊन बघून जायची.

साडेतीन-चार वर्षं हे चाललं. मी काय करत होतो? हसत होतो. कधी मोठ्याने, कधी नुसतं ओठाने. एकटा भेटलो की मात्र मी त्यांच्याशी नीट बोलायचो. घाई न करता ऐकायचो. त्या मला आपला माणूस समजायच्या — सगळ्या शाळेत इंग्रजीचे सर तेवढे सभ्य.

म्हणूनच त्या माझ्याकडे आल्या. जुलैचे दिवस होते, शनिवार, शाळा सुटलेली. त्यांनी रजिस्टरमधून काढलेली दोन पानं माझ्यापुढे ठेवली. संस्थेच्या तक्रार समितीला अर्ज करायचा होता. आमच्याकडे अर्ज असा थेट देत नाहीत. आधी मास्तरकडून 'बरोबर' करून घेतात. जरा वजनदार भाषा, एखादा इंग्रजी शब्द — मग साहेब लोक मनावर घेतात, अशी समजूत. त्या समितीत शिक्षकांचा प्रतिनिधी मीच होतो, इतिवृत्तही मीच लिहायचो. त्यांना ते माहीत होतं. म्हणूनच त्यांना धीर आला होता.

ती दोन पानं मला अजून जशीच्या तशी दिसतात. बोलतात तसंच लिहिलं होतं. "मोठे सर माह्या बोलन्याची नक्कल करतेत. सगळ्याइच्या समोर करतेत. पोट्टे हासतेत. मी लहान पोराइले गोष्ट वाचून दाखवत होती, आता मले त्याइच्या समोर बसाची लाज वाटते. मले रेडिओ म्हनतेत." आणि शेवटी — "हे नाव कोनं पाडलं ते मले मालूम नाही. पन ज्यानं पाडलं त्याले मले एकदा इचाराचं हाये, मी तुमचं काय बिगडवलं होतं?"

मी लाल पेन काढलं. सवयच ती.

म्हणालो, "वनिताबाई, अर्जात असं नाही चालत जी. एका वाक्यात पाह्यजे." आणि मी सगळं खोडलं. नक्कल खोडली, पोरांचं हसणं खोडलं, गोष्टीचा तास खोडला. शेवटची ओळ खोडताना पेन दोनदा फिरवलं. खाली माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं — 'माननीय मुख्याध्यापक महोदय माझ्याबाबत वेळोवेळी डेरोगेटरी भाषेचा वापर करीत असून त्यामुळे माझी मानहानी होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.'

त्यांनी ते वाचलं. त्या शब्दाशी बोट थांबलं. "याचा म-मतलब का होते जी?"

आणि मी खरा अर्थ सांगितला. तेव्हा सांगितला. म्हटलं, "समोरच्याले लहान करनारं, हिनवनारं. शिवीच पाह्यजे असं नाही. साध्या बोलन्यातूनबी होते."

त्यांनी त्या शब्दावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "एवढं सगळं एका शब्दात हाये? म्हंजे असं लोकाइसोबत होत असते?"

हो, मी म्हटलं, होत असते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. कित्येक वर्षं पोटात काहीतरी दुखावं आणि डॉक्टरने त्याचं नाव सांगावं, तसं काहीसं. दुखणं खोटं नव्हतं तर. त्याला जगात नाव आहे, ते पुस्तकात आहे, सरांना माहीत आहे. त्या तो शब्द हळूहळू म्हणून बघू लागल्या. 'ड'वर अडायच्या, पुन्हा म्हणायच्या. तीन-चार वेळा म्हणून झाल्यावर त्यांनी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि मला हात जोडले.

आता ते सांगायला हवं. ते नाव मी पाडलं.

त्या नोकरीवर आल्या त्याच आठवड्यात. स्टाफरूममध्ये चहा चालला होता. त्या वर्गवार यादी मागायला आल्या, 'य'वर थांबल्या, यादी घेतली आणि गेल्या. दार लागलं. आणि मी म्हणालो, "जुना रेडिओ हाये गा. स्टेशन लागाले टाइम लागते." एवढंच. मोठ्या सरांना असा ठसका लागला की चहा शर्टावर सांडला. सगळे हसले. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतो — मी विनोदी माणूस नाही. माझ्या बोलण्यावर कुणी हसत नाही. त्या दिवशी नऊ माणसं हसली. मी घरी गेलो तेव्हा खूश होतो. जेवताना बायकोने विचारलं, आज काय झालं बाप्पा, एवढी भाकर खाऊन राहिले? मी म्हणालो, काही नाही.

वनिताबाईंनी माझं काय बिघडवलं होतं? काहीच नाही. मला त्यांचा रागही नव्हता. राग असता तर निदान सांगायला काही कारण असतं.

बाकी सगळं मोठ्या सरांनी केलं, हे खरं आहे. ते बटण फिरवणं त्यांचं. पण रेडिओ माझा होता. आणि 'हे नाव कोनं पाडलं' ही ओळ मी खोडली, ती भाषा शुद्ध करायला नव्हे. नक्कल आणि पोरांचं हसणं तरी का खोडलं? सवयीने, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण नकलेबद्दल कुणी विचारलं असतं की रेडिओबद्दल विचारलं असतं, आणि रेडिओबद्दल विचारलं असतं की मोठ्या सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं. एवढा हिशोब लाल पेनाला झटकन कळतो.

वनिताबाईंनी माझं वाक्य कोऱ्या कागदावर उतरवलं आणि अर्ज गेला. बैठक ठरली. आदल्या दिवशी मोठे सर मला व्हरांड्यात भेटले. चिडले नव्हते. खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाले, "काहून सर, घाबरून राहिले का? अजी, नाव तं तुमचंच हाये. आमी फक्त वापरून राहिलो." मीही हसलो. त्या हसण्याने आमचं ठरलं. काही बोलावं लागलं नाही.

बैठक दुपारी होती, भूगोलाच्या खोलीत. संस्थेचे अध्यक्ष दादाजी — सत्तरीचे, जुने शेतकरी, पायजम्यावर चिखल तसाच — धानाच्या बांधीतली, म्हणजे खाचरातली, रोवणी टाकून आले होते. आल्या आल्या म्हणाले, "लवकर करा जी, बांधीत बाया उभ्या हायेत." पालकांकडून पुष्पाताई होत्या, गावात त्यांचं किराणा दुकान, बाई धीट आणि कान तिखट. तिसरा मी, समोर इतिवृत्ताची वही. मोठे सर एका बाजूला. वनिताबाई दाराजवळच्या खुर्चीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

दादाजींनी अर्ज लांब धरून वाचला. त्या शब्दाशी थांबले. वनिताबाईंना विचारलं, "बाई, हे काय लिवलं हाये?"

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. घरी किती वेळा म्हणून बघितला असेल तो शब्द. मान वळली, डोळे मिटले. 'ड' निघेना. आम्ही चौघं बघत होतो. मोठे सर छताकडे. शेवटी दादाजींना राहवलं नाही, कणव आली असेल. "राहू दे बाई, राहू दे. हे इंग्रजीचे सर हायेत ना. सर, तुमी सांगा, डेरोगेटरी म्हंजे काय होते?"

मी चष्मा पुसला.

मी म्हणालो, "दादाजी, डेरोगेटरी म्हंजे शिवीगाळ. जातीवरून बोलनं, बाईमानसाच्या चारित्र्यावरून बोलनं, असं. कायद्यातला शब्द हाये."

तुम्ही विचाराल, आवाज कापला का? नाही. घाम? नाही. अगदी वर्गात सांगतो तसं सांगितलं. वाक्य संपलं तेव्हा वनिताबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. एखादा विद्यार्थी आपल्या वहीत लिहिलेलं एक आणि सर फळ्यावर लिहितात ते दुसरं, असं झालं की आधी वहीकडे बघतो — तसं. आपलंच चुकलं असणार.

दादाजी हादरले होते. "मोठे सर, तुमी बाईले जातीवरून बोलले?"

"नाही जी," मोठे सर म्हणाले. ते खरंच होतं.

"बाई, यायनं तुले शिवी देल्ली का? कदी?"

वनिताबाईंनी मान हलवली. "नाही. श-शिवी नाही."

पुष्पाताई मात्र पुढे सरकून बसल्या. त्यांना काहीतरी खटकलं होतं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "मंग तरास काय हाये वो तुले? तुह्या तोंडानं सांग ना. आमाले इंग्रजी नोको."

आणि वनिताबाई सांगायला लागल्या. मला माहीत होतं कोणता शब्द येणार आहे. 'नक्कल'. मीच तो खोडला होता. त्या 'न'वर थांबल्या, आणि त्या दिवशी तीन-चार सेकंदांत झालं नाही. न, न, न. मान पूर्ण वळली. हात खुर्चीच्या दांडीवर. बाहेर कुणाची तरी सायकल पडली. मला फक्त तीन अक्षरं म्हणायची होती. कुणीही म्हणू शकलं असतं, पण माहीत असणारे दोघंच होतो — एक ज्याने नक्कल केली तो, आणि एक मी. पुष्पाताईंनी माझ्याकडे बघितलं. सर, तुम्हाला काही ठाऊक आहे का, असं. मी खाली बघून वहीत तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती. मी तिच्यावरून पुन्हा पेन फिरवलं.

"असू दे बाई," दादाजी उठत म्हणाले. "गैरसमज झाला असन. मोठे सर, तुमीबी जरा जपून बोलत जा. चला."

मी इतिवृत्त लिहिलं. 'तक्रारदार यांना अधिक काही सांगावयाचे नाही. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' सगळ्यांनी सह्या केल्या. वनिताबाईंनीही केली, वळणदार अक्षरात, पूर्ण नाव. सही करून झाल्यावर पेन मला परत दिलं.

दिवाळीच्या सुटीनंतर त्या आल्या नाहीत. राजीनामा नवऱ्याच्या हाती पाठवला. खोलीची किल्ली पाकिटात होती आणि सोबत पुस्तकांची यादी, कुठल्या कपाटात काय आहे त्याची. ती खोली आता खेळाचं साहित्य ठेवायला वापरतात.

यानंतर मला काय झालं, हे सांगायला हवं ना? काही झालं नाही. झोप लागत होती. पुढच्या वर्षी अकरावीला तो शब्द आला तेव्हा मी शिकवला — खरा अर्थ, शिवी लागत नाही वगैरे. फक्त "या विद्वान" म्हटलं नाही. मला वाटलं होतं, शब्द उच्चारताना घशात काहीतरी अडकेल. अडकलं नाही. हातावर डोकं ठेवून झोपल्यावर हात बधिर होतो, दुसऱ्या हाताने उचलून बाजूला ठेवावा लागतो — तसं आहे ते. आपलंच आहे, पण लागत नाही. लागावं म्हणून मी चिमटे काढून पाहिले. आत्ता हे सांगतोय तेही त्यातलंच असेल. मला ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात पवनीच्या बाजारात त्या भेटल्या. पोत्यावर पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन बसल्या होत्या. केस पांढरे झालेत. मी वळून दुसऱ्या ओळीत जाणार होतो, पण त्यांनी आधी बघितलं. "स-सर!" उठून उभ्या राहिल्या. मुलगी नर्सिंगला आहे, भंडाऱ्याला, म्हणाल्या. घरचं विचारलं. मग इकडेतिकडे बघून, जरा खाली वाकून, जे बोलल्या ते मी त्यांच्या शब्दांत सांगतो. थांबत थांबत बोलल्या, पण मी ते थांबे सांगत नाही. ते पुष्कळांनी मोजून झालेत.

"सर, तुमी त्या दिवशी समितीत बरोबर सांगतलं म्हून बरं झालं. त्याच्या आंदी शाळेत तुमी मले समजावलं होतं, ते मीच उलटं समजली. मले वाटलं, आपला अपमान होऊन राहिला. तसं काही नव्हतंच. मीच मनाले लावून घेतलं. तुमी नसते सांगतलं तं मी जनमभर मोठ्या सराले दोष देत राहिली असती." आणि मग, "मोठे सर रिटायर झाले तवा मी त्याइच्या घरी गेलती. पाया पडली. म्हनलं, सर, चुकलं माह्यं, तुमच्यावर खोटा आळ घेतला."

भर बाजारात, दुपारी, माणसांच्या धक्क्यांत मी उभा होतो. त्यांच्याजवळ एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती — आपल्याला दुखलं, आणि ते दुखणं खरं होतं, एवढी समज. नोकरी गेली, तास गेला, तरी ती उरली असती. तीही मी काढून घेतली होती, आणि त्या माझे आभार मानत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. त्या समोर होत्या, वेळ होता, मोठे सर नव्हते, समिती नव्हती, मला कुणाची भीती नव्हती. एक वाक्य.

मी म्हणालो, "बरं केलं."

त्यांनी दोन ओंजळी शेंगा माझ्या पिशवीत टाकल्या. मी नको नको म्हटलं आणि घेतल्या. घरी आल्यावर बायकोने मीठ घालून उकडल्या. कोवळ्या होत्या, गोड होत्या. मी खाल्ल्या.